माहूरच्या पत्रिकेची निब

सात निबांची मी माती केली. जेणू काम तेणू थाय म्हणतात ते उगाच नाही. मी गणिताची मास्तरीण, नांदेड ते नायगाव रोज एसटीनं अप-डाउन करणारी. घरी आलं की स्वयंपाक, मग अण्णांच्या गोळ्या, आणि त्यानंतर पाटावर वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा बारीक पॉलिशकागद, पसरून निब घासत बसायचं. महिनाभर हाच उद्योग.

कारण माझा धाकटा भाऊ मिहिर याचं लग्न. आमच्या घरात लग्नाची पहिली पत्रिका माहूरच्या रेणुकेला जाते आणि ती छापील चालत नाही. घरातल्या वडील माणसानं स्वतःच्या हातानं लिहायची. माझे वडील, अण्णा, यांनी दोन्ही आत्यांच्या लग्नांची लिहिली, चुलतभावांची लिहिली. माझ्या लग्नाची लिहायची वेळ आली नाही, आणि त्याबद्दल आता घरात कुणी बोलतही नाही. त्यांचं तिरप्या टोकाचं जुनं पेन यंदा हातातून पडलं आणि निब वाकली. तसली आता बाजारात मिळेना. साधी आणून दिली तर म्हणाले, "ही खरखरतीय. अक्षर हलून राहिलंय हिच्यानं."

मग साध्या निबेला तिरपं टोक कसं काढायचं ते मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. पाण्याचा थेंब टाकायचा, निबेचं टोक तिरपं धरून घासायचं, भिंगातून बघायचं, पुन्हा घासायचं. व्हिडिओतला माणूस पाच मिनिटांत मोकळा होतो. माझी बोटं सोलून निघाली. अण्णा प्रत्येक निबेनं एक ओळ काढायचे आणि पेन परत द्यायचे. "न्हाई जमली."

मिहिर पुण्याहून फोनवर म्हणायचा, "ताई, लई भारी काम करून राहिलीस तू." भारी! लग्न याचं आणि घोंगडं माझ्या गळ्यात.

सातव्या निबेला अण्णांनी भिंग मागितलं. बराच वेळ निरखलं.

"सौदामिनी, हा कट कुठून उचललास?"

"व्हिडिओतून."

"हा इंग्रजी लिहिणाऱ्याचा कट हाय. आपल्या अक्षराला टोक उलट्या अंगानं कापतात. लहानपणी आम्ही बोरू तसाच कापायचो."

म्हणजे महिनाभर मी मराठी पत्रिकेसाठी इंग्रजी निब घासत होते. हसावं की रडावं कळेना. रागारागानं आठवी निब दुसऱ्या अंगानं धरली आणि अर्ध्या तासात ती जमली. पेनात बसवून 'श्री' काढला. जाड-बारीक रेघा अगदी अण्णांच्या वळणाच्या आल्या.

अण्णांनी पेन घेतलं. त्यांचा 'श्री' वेडावाकडा आला. पुन्हा काढला. निब लोण्यासारखी चालत होती. हलत होता तो त्यांचा हात. मला त्यांच्याकडं बघवेना.

"उगाच निबेला नावं ठेवली," ते म्हणाले. "तू लिही."

"अण्णा, वडील माणसानं लिहायची असते."

"हाव. मग घर कोण चालवून राहिलंय? या घरात आता वडील तूच."

त्यांनी हे अगदी सहज म्हटलं आणि पेन माझ्यापुढं ठेवलं. आई गेली तेव्हाही मला इतकं पोरकं वाटलं नव्हतं. मी कागद पुढं ओढला.