भरला पेला

गुरुवारी सकाळी खाणीची पांढरी जीप चढावर दिसली की बोसिल्का आधी घड्याळाकडे बघायची आणि मग आरशाकडे. जीपमधून नेवेना उतरायची. नेवेना तांब्याच्या खाणीच्या कंपनीत होती, आणि गावाशी चांगले संबंध राखायचे हेच तिचं काम. कंपनीने गावच्या सभागृहावर नवं छप्पर घातलं, फुटबॉल खेळणाऱ्यांना निळे शर्ट वाटले, आणि आठवड्यातून एकदा घरोघरी बसून यायला ही पोरगी नेमली. छपराचं कौतुक महिनाभरात ओसरलं. पोरीचं ओसरलं नाही.

बोसिल्काचा एकुलता एक मुलगा व्हिएन्नात होता आणि नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात बोलायला काय ती एक शेळी, आणि तीही कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. त्यामुळे नेवेना आली की बोसिल्काच्या अंगात वारं भरायचं. रानातल्या स्ट्रॉबेरीचा मुरंबा, एक चमचा आणि आपल्या विहिरीच्या गार पाण्याचा पेला ती तिच्यापुढे मांडायची. त्या भागात पाहुण्याने चमचाभर मुरंबा खायचा, वर पाणी प्यायचं आणि चमचा रिकाम्या पेल्यात टाकायचा. मग कॉफी, आणि मग बोलणं. पहिल्या वर्षी नेवेनाने हे सगळं इतकं मनापासून केलं की बोसिल्काने तिला मनातल्या मनात लेक करून टाकली. खाणीच्या रस्त्याला कुरणातून वाट देण्याच्या कागदावर गावातली पहिली सही बोसिल्काचीच होती.

वरच्या अंगाला फ्लोरिकाचं घर. दोघी एकाच वर्षी, द्राक्षं उतरवायच्या दिवसांत, लग्न होऊन गावात आल्या आणि तेव्हापासून एकमेकींच्या संसाराची मापं काढत बसल्या. कुणाचे पडदे पांढरे, कुणाचा नवरा कमी पितो, कुणाच्या अंत्ययात्रेला जास्त माणसं आली. शेवटच्या बाबतीत बोसिल्का जिंकली होती, पण फ्लोरिकाचा नवरा अजून जिवंत होता, तेव्हा तो निकाल तसा कच्चाच. फ्लोरिकाने खाणीच्या कागदावर सही केली नव्हती. कुणी विचारलं तर "बघू" म्हणायची.

मार्च सरला आणि बोसिल्काच्या लक्षात एक गोष्ट आली. नेवेना आता मुरंबा खाते आणि चमचा लगेच पेल्यात टाकते. पेला मात्र काठोकाठ भरलेला. कॉफी पुढे केली तर म्हणाली, डॉक्टरांनी बंद केली आहे. बोसिल्काला आधी काळजी वाटली. तिने पुदिन्याचा चहा करते म्हटलं, तर तोही नको. दहा मिनिटं बसून पोरगी उठली आणि वरच्या घराकडे गेली.

त्या दिवशी बोसिल्का कपडे धुवायचा टब उपडा घालून त्यावर चढली आणि तिने कुंपणावरून बघितलं. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी माणसाने असं करू नये हे तिला कळत होतं. अक्रोडाखाली बाकावर नेवेना ऐसपैस बसलेली. फ्लोरिकाने तिच्यापुढे आलुबुखाराचा मुरंबा ठेवला होता, ज्यात दर वेळी एखादी बी दाताखाली येते. नेवेनाने तो खाल्ला, पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. दुसरा मागून घेतला. मग कॉफी आली आणि तीही प्यायली.

म्हणजे डॉक्टरांची मनाई फक्त माझ्या अंगणापुरती, बोसिल्का मनात म्हणाली. नवऱ्याने कधी दुसऱ्या बाईकडे बघितलं तेव्हाही ती इतकी जळली नव्हती. तिने त्याचा अर्थही लावून टाकला. मी सही करून मोकळी झाले, आता मला कोण विचारतो. फ्लोरिका अडून बसली आहे, तर तिचे लाड. कंपनीची माया सगळी न झालेल्या सहीवर.

मग ती दर गुरुवारी टबावर चढू लागली. मे महिन्यात तिने मुरंब्यात लिंबाची साल घातली. जूनमध्ये आजेसासूच्या वेळचे, वर्षातून एकदा निघणारे पेले काढले. विहिरीच्या काठाला चुना दिला, नवी दोरी घातली, पाणी पहाटे काढून तळघरात गार ठेवलं. नेवेना म्हणायची, किती सुंदर पेला आहे, आणि चमचा त्यात बुडवायची. तिच्या डोळ्यांकडे बघायचं मात्र बोसिल्काच्या डोक्यात आलं नाही. ती नुसती पेल्याकडे बघत राहिली.

जुलैच्या दुसऱ्या गुरुवारी उकाडा इतका होता की शेळीसुद्धा गप्प होती. नेवेना घामाने भिजून आली, मुरंबा खाल्ला, चमचा पेल्यात टाकला आणि सात मिनिटांत उठली.

"बस," बोसिल्का म्हणाली.

"मावशी, तुम्ही रागावलात का?"

"तहान नाही लागली तुला?"

"नाही, येताना प्यायले."

"आता वर जाऊन पिशील ना दोन पेले? माझ्या पाण्याला काय वास येतो का गं? गावात कुणी सही करत नव्हतं तेव्हा या टेबलावर मी पेन हातात घेतलं, तुझ्या तोंडाकडे बघून. त्या बयेने काय केलं तुझ्यासाठी? बिया चारल्या."

नेवेनाने पिशवी खांद्याला लावली. ते बघून बोसिल्का आणखी भडकली. तिने पेल्यातला चमचा काढून टेबलावर आपटला.

"राहू दे. तुझ्या नावाने मीच पिते," असं म्हणून तिने पेला ओठांपाशी नेला, आणि नेवेनाने झडप घालून तिचं मनगट धरलं. पाणी दोघींच्या अंगावर सांडलं.

"नको पिऊ, मावशी," एरवी अहो-जाहो करणारी पोरगी म्हणाली. "तू नको पिऊ हे."

हात सोडायच्या आधीच ती रडायला लागली. मग सगळं बाहेर पडलं. कंपनीचा माणूस दर महिन्याला विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेतो, त्याचा निकाल मार्चमध्येच आला होता. खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्याखालच्या अंगाला असलेल्या चार विहिरींत जे उतरायला नको ते उतरलं होतं. गावाला कळवायचं पत्र वकिलांकडे पडून होतं. नेवेनाने दोनदा विचारलं, तर साहेब म्हणाले, घाई केली तर गावाशी संबंध बिघडतील. बाहेर बोलणार नाही असं तिच्याकडून लिहून घेतलं होतं.

बोसिल्का खुर्चीत बसली. तिच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा:

"आणि फ्लोरिकाचं पाणी?"

"ते चांगलं आहे."

ते ऐकून आधी हेवाच वाटला, भीती नंतर वाटली. याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. मनगटावर पोरीच्या बोटांचे वळ उठले होते. फ्लोरिकाचा हात कधी असा धरला नसेल हिने, हेही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने मार्चपासूनचे महिने मोजले.

"चार महिने मी हे पाणी पिते आहे," ती म्हणाली. "चार महिने कुठे होता हा हात?"

नेवेनाने ओल्या बाहीने तोंड पुसलं. ती गेली. त्या दिवशी जीप वरच्या घरापाशी थांबलीच नाही.

संध्याकाळी दोन बादल्या घेऊन बोसिल्का फ्लोरिकाच्या फाटकाशी उभी राहिली. चाळीस वर्षांत तिने त्या घरातून मीठसुद्धा मागितलं नव्हतं. फ्लोरिकाने सगळं ऐकून घेतलं, बादल्या भरून दिल्या आणि रीतीप्रमाणे मुरंबा-पाणी पुढे ठेवलं.

"माझा टब मात्र फुटला बघ," ती सहज म्हणाली. "तुझ्याकडे बघून बघून. ती आधी तुझ्याकडे यायची ना दर वेळी. मला आपला उरलासुरला वेळ."

बोसिल्का पाणी प्यायली. गोड होतं. तेच तिला सहन झालं नाही.

पुढच्या गुरुवारी नेवेना आली नाही. तिच्या जागी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक हसरा माणूस आला. दोघींनी सगळं सांगून बोलावलेली पंधरा-वीस माणसं बोसिल्काच्या अंगणात बसलेली बघून त्याला आनंद झाला. नेवेनाची अचानक बदली झाली, असं तो म्हणाला. मग पत्राबद्दल अवाक्षर न काढता कंपनी आणि गाव हे कसं एक कुटुंब आहे ते सांगत बसला. बोसिल्काने आजेसासूच्या पेल्यात आपल्या विहिरीचं पाणी आणलं आणि मुरंब्याशेजारी ठेवलं. सगळे पेल्याकडे बघत होते. त्याने पेला उचललाच तर झडप घालायला ती त्याच्या खुर्चीशी उभी होती.

त्याने मुरंबा खाल्ला. वा, म्हणाला. आणि चमचा भरल्या पेल्यात टाकला.

"बघितलंत ना सगळ्यांनी?" फ्लोरिका मागून म्हणाली.

माणसं उठून उभी राहिली. विहीर माझी, अंगण माझं, पेला माझा, बोसिल्काच्या मनात आलं, आणि बोलायचा मान पुन्हा हिलाच. पण तिने मान डोलावली आणि फ्लोरिकाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.