टाचण्यांची उशी

मी शाळा सोडून शिवणबाईंकडे शिकायला लागले त्या वर्षी डोक्यात उवा झाल्या म्हणून आईने माझे केस कानापर्यंत कापले. बाईंनी ते फेकू दिले नाहीत.

"चांगले धुऊन आण. टाचण्यांच्या उशीत भरू. आत केस असले की टाचण्या गंजत नाहीत."

तीन वर्षं मी त्याच उशीत टाचण्या खोचल्या. हुक लावले, काजं केली. पण बाईंनी कात्री काही हातात दिली नाही. "तू तापट आहेस गं. कापड एकदा चुकलं की चुकलं."

मग शिकायला एक नवी आली. कुरळ्या केसांची, हळू बोलणारी. दोन महिन्यांत बाईंनी तिला बेतायला बसवलं! खडू तिचा, कात्री तिची आणि मी आपली बटणं लावतेय. अंगाचा नुसता तिळपापड.

त्याच आठवड्यात काकूच्या धाकट्याचा ताप उतरेना. काकूच्या डोळ्यांत बाई आधीपासूनच खुपायच्या. काकांनी एकच पँट चार वेळा त्यांच्याकडून अल्टर करून घेतली होती. समोरच्या शिंप्याची निम्मी गिऱ्हाईकं बाईंकडे गेलेली. तो आमच्या पायरीवर बसून म्हणाला, "एकटी बाई आहे, वहिनी. काहीतरी करणी करत असणार."

"नुसतं असणार म्हणून कोण ऐकतंय?" काकू म्हणाली.

तेव्हा मी तोंड उघडलं. "तिच्या उशीत माणसाचे केस आहेत. वरून टाचण्या टोचते."

एवढंच बोलले. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

अर्ध्या तासात सगळी गल्ली बाईंच्या दुकानात. शिंप्याने उशी उचलली आणि फाडायची सोडून शिलाईवरून नीट उसवली. हाताची सवय. उशीत केस का भरतात हे त्याला माहीत नव्हतं होय?

केस खाली पडले. सरळ, पिंगट. सगळे माझेच. मला वाटलं होतं, आता नवीचे भरले असतील.

"अहो, गंजू नये म्हणून असतात ते!" नवी ओरडली. "मी माझे देत होते, तर बाई म्हणाल्या, आहेत तेच राहू देत."



"पण आहेत कुणाचे?" काकूने विचारलं.

बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग वाकून सांडलेल्या टाचण्या वेचायला लागल्या.

काकूने एक बट उचलून माझ्या डोक्याला लावून बघितली. "अगं बाई! हे तर आपल्या पोरीचे! तरीच ही एवढी चिडचिड करते!" आणि जन्मात पहिल्यांदा तिने मला पोटाशी धरलं.

'मीच दिले होते,' एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण उद्या नवी परत कात्री घेऊन बसली असती. मी काकूच्या पदरात तोंड लपवलं.

गल्लीने बाईंना संध्याकाळपर्यंत दुकान रिकामं करायला सांगितलं. मशीन हातगाडीवर चढलं. मी दारात उभीच. बाईंनी जमिनीवरचे केस गोळा केले, उशीत कोंबले, चार टाके घातले आणि उशी माझ्या हातात दिली.

"घे. तुझी आहे."

मग कात्री फडक्यात गुंडाळली आणि त्यांच्याबरोबर निघालेल्या नवीकडे दिली.

दोघी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बाईंकडे बघितलंच नाही. माझी नजर नवीच्या हातावर होती.