वाटून घेतलेल्या प्रदक्षिणा

पन्नाशीची कुमुदिनी चौथ्या फेरीला औदुंबराला वळसा घालत होती, तेवढ्यात अंजनीने पदर धरून तिला पारावर बसवलं.

"वहिनी, पाय बघा केवढा सुजलाय. तुम्ही नाव घेत बसा. चालायचं आमच्यावर सोडा."

डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर वाढलीय, रोज चाला. पण सत्त्याऐंशी सालच्या अंबरनाथात एकटी बाई नुसतीच हात हलवत चालली, तर चौघं विचारणार, काय हरवलंय? म्हणून तिने दत्ताच्या देवळात रोज एकशे आठ प्रदक्षिणांचा संकल्प केला. भजनी मंडळाला कळलं आणि घात झाला. आजाऱ्याचा संकल्प दुसऱ्याने पुरा केला तरी पुण्य आजाऱ्यालाच, हा मंडळाचा कायदा. नऊजणी, वाट्याला बारा-बारा.

सहा महिन्यांत नऊजणी अशा सडसडीत झाल्या की बकुळाच्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या, आणि गुडघ्यांनी विव्हळणारी पुतळाबाई दोन कोसांवरच्या शिरगावला माहेरी पायी जाऊन आरतीला परत हजर. कुमुदिनी पारावर बसून प्रसादाचे पेढे खात होती. नको म्हणावं तर देवाचा अपमान.

मला चालू द्या गं, असं एकदा म्हणून पाहिलं तिने. तर बकुळाचे डोळे भरून आले, आमचं काही चुकलं का, म्हणाली. यजमान विष्णुपंत गेले तेव्हा याच बायकांनी तेरा दिवस कुमुदिनीच्या घरची चूल पेटवली होती. ती पुन्हा बसली.

मग तिच्या पायाचा अंगठा काळा पडला. दवाखान्यात सोबतीला अंजनी आली.

"चालता ना रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

कुमुदिनीने तोंड उघडलं, पण अंजनीच आधी बोलली.

"एकशे आठ प्रदक्षिणा, डॉक्टर. एका दिवसाचा खाडा नाही."

एवढं चालूनही साखर हटत नाही म्हणजे आता इन्शुलिनच, असं म्हणत डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. अंगठा बहुधा काढावा लागेल, तेही सांगितलं. सुई रोज कोणी टोचायची, अंजनीने विचारलं. मंडळात वाटून घेऊ, असं तिनेच सांगूनही टाकलं.

"टोचा कुणीही," डॉक्टर म्हणाले, "अंग यांचंच लागेल."

रिक्षा बघते, म्हणत अंजनी दवाखान्याचा जिना तुरुतुरु उतरली. डॉक्टर कौतुकाने पाहत राहिले.

"वय काय हो यांचं?"

"माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या," कुमुदिनी म्हणाली, आणि लुगड्याचा काठ पावलावर ओढून घेतला.