दादाचा चुलीचा दगड

दादाने निवृत्तीनंतर परसात आळं खणायला घेतलं आणि तीन काळवंडलेले दगड काढले, तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. ही हजारो वर्षांपूर्वीची चूल आहे, म्हणे! आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आता इतिहास स्वतः चालत घरी आला, असं तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा. गल्लीतल्यांनी मात्र त्याची पार टर उडवली. कुणाच्या तरी सहलीची चूल असेल हो मास्तर, नीट बघा, जवळपास बाटल्यांची झाकणंही सापडतील! दादा वरवर हसायचा, पण जेवण कमी झालं होतं.

फैसला करणार होती वहिनी. दगडांची वयं काढणाऱ्या प्रयोगशाळेत तिची हयात गेलेली. आकडा जुना निघाला तर संग्रहालयवाले खोदायला येणार होते. पण पहिले दोन दगड दादाने घासूनपुसून उन्हात मांडून ठेवले आणि वहिनीने कपाळाला हात लावला. "अहो, उन्हाने बाद झाले ते! तिसरा तरी अंधारात ठेवा."

आज तो तिसरा दगड काळ्या फडक्यात बांधून तिघं प्रयोगशाळेत आली होती. तिसरी म्हणजे दादाची धाकटी बहीण चिमी. पन्नाशी उलटली, स्वतःचा कुंभारकामाचा कारखाना आहे, तरी दादासाठी चिमीच. ती हौसेने आली नव्हती. दादाने हात धरून आणली होती.

खोलीत मंद लाल दिवा. वहिनीने फडकं सोडलं आणि दगड फिरवून पाहिला. "हा जरा जास्तच लाल दिसतोय."

"लाल दिव्यात सगळंच लाल दिसतं," चिमी घाईने म्हणाली.

वहिनीने दगडाच्या पोटातले कण काढले आणि इवल्याशा ताटलीत पसरले. "वन्सं, बघा. मातीतून बारीक किरणं सतत येत असतात. त्यांची ऊर्जा या कणांत अडकते, साठत जाते, हजारो वर्षं. दगड तापवला की ती सगळी उजेड होऊन बाहेर पडते. उजेड मोजला की दगड शेवटचा कधी तापला ते कळतं."

"आणि मध्येच... कुणी तापवला तर?"

"तर संपलं. उन्हाने होतो तसाच साठा रिकामा, मोजणी परत शून्यापासून."

चिमीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचं असं झालं होतं, की दगड अंधारात ठेवा म्हटल्यावर दादाने शोधून शोधून सगळ्यांत काळोखी जागा काढली, ती चिमीची भट्टी. एका दुपारी गपचूप जाऊन त्याने तो काळ्या फडक्यात बांधून पार मागच्या कोपऱ्यात ठेवला आणि चकार शब्द काढला नाही. बाईसाहेबांनी पुढे साठ कुंड्या रचल्या आणि दिली भट्टी पेटवून! गार झाल्यावर दादाचा दगड हाती आला. फडक्याची राख झाली होती. दगडाला काय धाड भरलीय, असं म्हणत तिने नवं काळं फडकं गुंडाळलं आणि तो परत कोपऱ्यात सरकवला. फडक्यावरून बोलणी बसतील, एवढीच तिला धास्ती होती.

यंत्र तापू लागलं. पडद्यावरची रेघ जमिनीला चिकटली ती चिकटलीच. वहिनीने दुसरे कण घेतले, तिसरे घेतले. रेघ ढिम्म हलेना.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हा दगड अगदी अलीकडे तापलाय."

दादा खुर्चीत बसला. मग म्हणाला, "म्हणजे गल्लीतले म्हणत होते तेच. सहलीची चूल. म्हातारपणी चळ लागला मला."

चिमीला ते ऐकवेना. "दादा, तो भट्टीत होता. कुंड्यांबरोबर भाजला गेला. मला काय माहीत!"

"अगं, आत बघून पेटवायची ना भट्टी!"

"भट्टीत दगड दडवलाय हे सांगायचं ना माणसाने!"

"एकाने उन्हात घातले, एकीने भट्टीत," वहिनी म्हणाली. "भावंडं शोभता खरी!" आणि तिला हसू आवरेना. दादाही हसला, पण अर्ध्यातच थांबला.

"चिमे, मग तो उजेड तिथे पडला असेल ना गं? तुझ्या भट्टीत? तू झरोक्यातून बघतेस ना मधूनमधून?"

चिमी त्या दिवशी फोनवर गिऱ्हाइकाशी भांडत होती. झरोका तिने उघडलाही नव्हता. पण दादा असा काही बघत होता, की तिला नाही म्हणवेना.

"बघितला की. दिसला."

"कसा होता?"

आली का पंचाईत! असला उजेड डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून तर हे एवढं यंत्र लागतं, हे वहिनीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि या बाईने तीस वर्षांत आकड्यात कसली म्हणून कसली लबाडी खपवून घेतली नव्हती. ती पाठमोरी उभी राहून ताटली पुसत होती.

"निळसर असतो," वहिनी मान न वळवता म्हणाली.

"हो, निळसरच," चिमी म्हणाली.

दादाने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "चला," तो म्हणाला, "इतकी वर्षं साठला होता बिचारा. कुणीतरी पाहिला, हे बरं झालं."