वलयाची मूळ फाइल

दोन हजार सहा साली बिबवेवाडीतल्या माझ्या स्टुडिओसमोर सकाळीच रांग लागली. फोटो काढायला नव्हे, दर्शनाला. काउंटरवर उत्तरेश्वर महाराजांचा मोठा फोटो होता. डोक्याभोवती पिवळसर वलय आणि अंगभर बारीक चमकते कण.

"अंगारा! आपोआप झडतोय!" एक पेन्शनर म्हणाले. या गृहस्थांनी तीस वर्षं पोस्टात लोकांच्या सह्या संशयानं तपासल्या होत्या. चपला मात्र त्यांनीच सर्वांत आधी काढल्या.

महाराज खुर्चीत बसले होते. "माणूस खोटं बोलेल, यंत्र कसं बोलेल? यंत्राला भक्ती नाही, म्हणून त्याची साक्ष पक्की. काय शंभूशेठ, फोटोत काही फेरफार?"

सगळी रांग माझ्याकडे बघू लागली. भोळ्या लोकांची टिंगल करण्यात माझा हात कोणी धरत नसे. पण माझ्या कामापुढे एवढी माणसं कधी हात जोडून उभी राहिली नव्हती.

"जसा आला तसा," मी म्हणालो.

रांगेत आमच्या सोसायटीतल्या वासंतीबाई होत्या. त्यांना काचबिंदू होता आणि डॉक्टरांनी रोज डोळ्यांत थेंब घालायला सांगितलं होतं.

"औषधानं तेज अडतं," महाराजांनी निकाल दिला. "थेंब बंद. रोज पहाटे पापणी न लववता या फोटोकडे बघायचं."

वासंतीबाईंनी फोटोची एक प्रत विकत घेऊन कपाळाला लावली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. सगळं ऐकलं आणि त्यांना फोटो न्यायला पिशवी दिली.

मग दर गुरुवारी स्टुडिओतच महाराजांचं दर्शन होऊ लागलं. आठ महिन्यांनी, अशाच एका गुरुवारी, त्यांची मुलगी नम्रता आली. ती कर्वेनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते.

"शंभूकाका, आई चहा कपाबाहेर ओततेय. कडेचं तिला दिसत नाही. या फोटोची मूळ फाइल आहे?"

"बाई, श्रद्धेला फाइल नसते," महाराज हसले.

"फोटोला असते. काका?"

मी नाही म्हणू शकलो असतो. पण कप डोळ्यांपुढून हलेना. मी जुनी सीडी काढली. पडद्यावर काळा चौकोन उमटला. त्यात कुठेतरी अंदाजानं दाढी.

"आरतीत महाराजांनी फ्लॅश लावू दिला नव्हता," मी पुटपुटलो.

नम्रतानं माझाच कॅमेरा घेतला आणि मागच्या अंधाऱ्या खोलीतल्या केरसुणीचा बिनफ्लॅशचा फोटो काढला. "आता महाराजांच्या फोटोला जे केलंत तेच हिला करा. सगळ्यांदेखत."

मी चित्र उजळलं. केरसुणीवर चमकते कण आले.

"हा अंगारा नाही," मी म्हणालो. "प्रकाश कमी पडला की कॅमेरा असे ठिपके टिपतो. काळोखात ते लपतात, उजळलं की वर येतात. पुसता येतात. मी आळस केला."

"आणि वलय?" नम्रतानं विचारलं.

इथे मात्र मान वर होईना. "स्थळांसाठी मुलींचे फोटो येतात. रंग सावळा असला की चेहऱ्याभोवती माउसनं गोल काढायचा, आतला भाग उजळायचा, कड पुसट करायची. हाताला सवयच लागलीय. महाराजांनाही मी उपवर करून टाकलं. घाईत गोल मोठा पडला आणि मागची भिंतही उजळली."

बोलता बोलता केरसुणीभोवती गोल काढला. तिला महाराजांपेक्षा सुबक वलय आलं.

"तिच्यातही देव आहे!" महाराज गरजले.

"मग हार तिला घाला," नम्रता म्हणाली.

कोणीतरी फिस्सकन हसलं. पेन्शनर खाली वाकून चपला शोधू लागले. पुढच्या गुरुवारी खुर्ची रिकामी होती.

डॉक्टर म्हणाले, वासंतीबाईंची गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली थेंबांनी टिकवता येईल. काळा फोटो आणि उजळलेला फोटो मी दारात शेजारी शेजारी लावले, खाली पाटी: 'येथे अंधारातले फोटो उजळून मिळतात, डोळे मिळत नाहीत. चमत्कार दाखवला की आधी मूळ फोटो मागा. औषध बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा.'

परवा वासंतीबाई पाटीपुढे थांबल्या. मान इकडेतिकडे वळवून पाहिली.

"शंभूभाऊ, काय लिहिलंय हो?"

मी वाचून दाखवलं.

"बरं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तेव्हाच सांगायचंत."

त्या भिंतीला हात लावत पायरी उतरल्या.