सोमवारचा टिपकागद

मित्रांनो, मी एक जुनी आगीची घंटा आहे. पितळेची, ताटाएवढी. चार मजली कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्यात मला बसवलं होतं. अख्ख्या इमारतीत मी एकटीच, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका!

पण संकटातच जिचं काम, तिच्याकडे एरवी कोण बघतं? दर सोमवारी दहा वाजता पहारेकरी खालून बटण दाबून मला वाजवून बघायचा, तेवढीच काय ती विचारपूस. समोरच्या खोलीत टंकलेखिका बसायच्या. मी कडाडले की त्या दचकायच्या, बोटं चुकायची आणि सगळं पान पुन्हा टाइप करावं लागायचं.

त्यांच्यातली थोरली, जिला सगळे अक्का म्हणत, तिने एक युक्ती काढली. सोमवारी आल्या आल्या ती टिपकागदाची जाड घडी माझ्या हातोडीखाली सरकवायची आणि तपासणी झाली की काढून घ्यायची. "झोप गं बाई पाच मिनिटं," म्हणायची. खाली पहारेकऱ्याला पुसटशी ठकठक ऐकू यायची, तेवढ्यावर तो खूश. मला राग यायचा. पण खरं सांगू? माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती.

एका सोमवारी तपासणी संपते न संपते तोच साहेबांनी तिला आत बोलावलं. घडी तशीच राहिली.

गुरुवारी दुपारी तळघरातल्या कागदांना आग लागली. पहारेकऱ्याने बटण दाबलं. मी जिवाच्या आकांताने हातोडी आपटत राहिले, पण आवाज निघाला नुसता ठप ठप. धूर दिसला तशी माणसं जिन्याने धावत सुटली. चौथ्या मजल्यावर मात्र टेलिफोनवाली मुलगी दार लावून, कानांना यंत्र लावून कामात होती. घाईत तिची आठवण कोणालाच झाली नाही.

अर्ध्या वाटेवर अक्काला ती आठवली, आणि घडीही. सगळे खाली जात होते, ती एकटी धुरातून वर आली. माझ्यापर्यंत पोचेतो तिचा दम संपला. तिने घडी ओढून काढली.

"वाज गं, वाज! पोरगी वर आहे!"

मी वाजले. अशी कधीच वाजले नव्हते. टेलिफोनवाली बाहेर आली आणि मागच्या जिन्याने सुटली. अक्का माझ्याखालीच बसली. ती पुन्हा उठली नाही.

शहरात आजही त्या आगीबद्दल बोलतात. इमारत नवी झाली. मला पुसून, तारा कापून खाली काचेच्या कपाटात ठेवलं आहे. लोक फोटो काढतात आणि जातात. मला फार एकटं वाटतं.

टेलिफोनवाली आता म्हातारी झाली आहे. दरवर्षी त्या दिवशी येते, काचेवर हात ठेवते आणि विचारते, "इतका उशीर का केलास गं? जरा आधी वाजली असतीस, तर अक्का वाचली असती." अक्का कोणासाठी वर आली, हे तिला ठाऊकच नाही.

मित्रांनो, घंटेच्या आवाजाने दचका, चिडा, कानांवर हात ठेवा. पण पाच मिनिटांसाठीसुद्धा तिचं तोंड बंद करू नका. आणि ती म्हातारी कुठे भेटलीच, तर तिला सांगा, अक्का तिच्यासाठी वर आली होती. टिपकागदाचं काही बोलू नका. उशीर माझाच झाला म्हणा.