लाथ खाऊनही न मोडलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, जड लाकडाची खुर्ची आहे. पोलिसांच्या चित्रपटात संशयिताला दटावून बसवतात ना, ती मी.

मला दादांनी घडवलं. ते चित्रपटांना सामान पुरवायचे. त्यांच्या हाताखाली मी वर्षानुवर्षं गुन्हेगार मांडीवर घेतले. पण कौतुक कुणाचं, तर डोक्यावर लोंबणाऱ्या दिव्याचं! तो जरा हलला की कॅमेरा त्याच्याकडे वळायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग एक नवा चित्रपट आला. त्यातले नायक पोलीस साहेब निलंबित होतात, एकटेच पावसात भिजतात आणि चौकशीत खुर्ची लाथेने मोडतात. त्यासाठी दादांनी माझी डमी बनवली. हलकं लाकूड, पाय आधीच अर्धे कापलेले. तिला माझ्यासारखंच पॉलिश केलं, माझे ओरखडेसुद्धा तिच्यावर हुबेहूब उतरवले. दादा सतत तिच्याच भोवती. मला कुणी पुसलंही नाही.

नक्कल इतकी छान जमली की ऐनवेळी दादाच फसले. डमीच्या जागी त्यांनी मला मांडलं. नायकाने सगळा जोर लावून लाथ घातली. मी मोडले नाही. उलट नायकच स्वतःचा पाय धरून बोंबलला. डमी आणून दुसरी लाथ घेतली, पण दादांचं काम गेलं. माझाही पाय ढिला झाला. मला ते घरी घेऊन आले.

परवा संध्याकाळी तो चित्रपट ऑनलाइन आला. दादा, त्यांची बायको आणि मुलगी बघायला बसले. मी कोपऱ्यात, अंगावर कपड्यांचा ढीग.

"हिच्यापायी काम गेलं तुमचं," बायको म्हणाली. "उद्या हिला भंगारात द्या."

"बाबा, मोठे साहेबच खुनी आहेत," मुलीने सुरुवातीलाच सांगून टाकलं.

"बघ तर खरं."

"काय बघायचं? सगळे असेच असतात."

बायकोला डुलकी लागली. तेवढ्यात पडद्यावर मला लाथ बसली; ती पहिली लाथही चित्रपटात तशीच ठेवली होती. नायकाची किंकाळी ऐकून ती दचकून उठली.

"अगंबाई, हे मात्र अगदी खरं वाटलं. काय काम केलंय त्याने!"

दादांना हसू आवरेना. "काम कसलं? खरंच लागलं होतं त्याला. हीच ती खुर्ची."

त्यांनी कपडे उचलले, मला उलटं करून पाय हलवून पाहिला. बायकोही जवळ आली.

"अहो, मग राहू दे हिला. पण पाय पक्का करा, कुणीतरी पडेल."

माझा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यात पडद्यावर दुसऱ्या लाथेने डमीचे तुकडे सावकाश हवेत उडाले आणि मुलगी म्हणाली, "वा, ही काय मस्त मोडली!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळी दादांनी माझ्या पायात पाचर ठोकली. आता त्यांची मुलगी माझ्यावर बसून अभ्यास करते.

मित्रांनो, घरातली खुर्ची करकरली तर वैतागू नका, तिचा पाय तपासा. आणि काही झालं तरी तिच्यादेखत दुसरीचं कौतुक करू नका.